वासूनानांचं नाक

वासूनाना पाणी प्यायच्या आधी ते हुंगायचे. घरचं असो, दारचं असो की लग्नाच्या पंगतीतलं असो, तांब्या हातात आला की तो ओठांकडे न जाता आधी नाकाकडे जायचा. डोळे मिटायचे, पांढुरक्या मिशा जराशा हलायच्या आणि शेजारची माणसं घास हातात धरून बघत राहायची. मग नाना मान डोलवायचे, घटाघटा पाणी प्यायचे आणि वाढप्याचा जीव भांड्यात पडायचा. एकदा पलीकडच्या गावच्या लग्नात नवरदेवाच्या मामाला हे फार झोंबलं. "आमी काय पाण्यात इख कालवलंय व्हय?" असं त्यानं भर पंगतीत विचारलं. नाना शांतपणे म्हणाले, "इखाचं मला काय कळत न्हाई, पावणं. फकस्त राकेल कळतं."

त्यांचं खरं नाव बापूराव. पलटणीतून सुभेदार होऊन आले होते. पण हुंगायच्या या खोडीमुळे गावानं त्यांना वासूनाना केलं. वास घेणारा तो वासू, एवढा साधा हिशेब. परगावच्या लोकांना हे कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटायचं, माणसाचं नाव वासुदेव असेल. मग लग्नपत्रिका यायच्या त्या 'श्री. वासुदेवराव सुभेदार' यांच्या नावानं. त्यांच्या घरच्या नानीकाकू चिडायच्या, पण नानांना त्याची मौज वाटायची. पलटणीत नुसता नंबर होता, इथं लोकांनी जास्तीचं नाव दिलं, बिघडलं कुठं, असं त्यांचं म्हणणं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती या नाकामुळेच. मी सातारच्या पेठेत वाढलेली. लग्न होऊन इस्लामपूरजवळच्या या गावात आले, तेव्हा लढाई संपून वर्ष झालं असेल. सासरी आल्याला आठवडाही झाला नव्हता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसले होते आणि त्यांचे हे जिवलग दोस्त आले. सासूबाईंनी मला पाणी घेऊन धाडलं. मी डोक्यावरचा पदर सावरत, पायाच्या बोटाकडे बघत तांब्या पुढे केला. नानांनी तो हुंगला आणि खाली ठेवला.

"कंदील पुसून हात धुतलं न्हाईस व्हय, पोरी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंदिलात रॉकेल भरून, काच पुसून, हात पदरालाच पुसून मी तशीच माजघरात गेले होते. तिथून तांब्या उचलला होता. मामंजी म्हणाले, "वाशा, नव्या सुनंला असं बोलत्यात व्हय रं?" पण नानांचा आवाज रागाचा नव्हताच. त्यांनी माझा हात पुढे करायला लावला, बोट माझ्याच नाकाशी नेलं आणि म्हणाले, एवढ्याशा बोटानं अख्खा तांब्या नासतो, ध्यानात ठेव. मी राखेनं हात घासून दुसरा तांब्या आणला. तोही त्यांनी हुंगला. मला इतका राग आला होता, की या माणसाला पुन्हा पाणी म्हणून द्यायचं नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुढे त्यांना जितकं पाणी मी दिलं, तितकं नानीकाकूंनीही दिलं नसेल.

या खोडीचं मूळ मिसर देशात होतं. नानांची पलटण तिथल्या वाळवंटात लढत होती. पाणी लांबून यायचं आणि यायचं ते पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांतून. डबे कितीही विसळले तरी वास जायचा नाही. नाना हे सांगायला लागले, की ओसरीवर हसून हसून मुरकुंडी वळायची. "चात पेट्रोल, डाळीत पेट्रोल. तोंड धुतलं तर मिशीला पेट्रोल. इडी पेटवायची तर आदी मिशी पुसाय लागायची, गड्या." मात्र हसणं ओसरलं, की ते एक गोष्ट हळू आवाजात सांगायचे. त्यांच्या शेजारच्या खंदकात कवठेमहांकाळकडचा एक पोरगा होता. दुष्काळी मुलखातला, पाण्याची किंमत जाणणारा. तो जखमी होऊन पडला तेव्हा त्यानं पाणी मागितलं, आणि नानांनी त्याच्या तोंडात घातलं ते पेट्रोलच्या वासाचं पाणी. त्यानं तोंड वाकडं केलं आणि तसाच गेला. ते वाकडं तोंड नानांना आयुष्यभर दिसत राहिलं.

म्हणून पलटणीतून सुटून आल्यावर नाना आधी घरी गेलेच नाहीत. ट्रंक खांद्यावर घेऊन ते थेट गोडी विहिरीवर गेले. आमच्या गावात विहिरी पुष्कळ, पण सगळ्यांचं पाणी मचूळ. डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. प्यायचं पाणी काय ते एकट्या गोडी विहिरीचं. ती नसती, तर बायकांना रोज नदीपर्यंत पायपीट करावी लागली असती. नानांनी बादली सोडली, वर ओढली, तोंडाशी नेली आणि तिथंच खाली बसून लहान पोरासारखे रडले. पाणी भरायला आलेल्या बायका घाबरून घागरी सोडून पळाल्या. नानीकाकूंना नवरा परत आल्याची बातमी मिळाली ती अशी, की कुणी सोजिर विहिरीवर बसून रडतोय.

पुढे स्वराज्य आलं आणि आमच्या घरी इंजिन आलं. मामंजींनी मळ्यातल्या विहिरीवर ऊस भिजवायला ते बसवलं. पुकपुक आवाज ऐकायला अख्खा गाव लोटला. मामंजी इंजिनाजवळ अशा थाटात उभे राहायचे, की जसं काही त्यांनीच ते घडवलंय. त्यांचं बघून आणखी दोघा-तिघांनी इंजिनं आणली. पण इंजिनाला तेल लागतं, आणि तेल मिळायचं परमिटावर, तेही कधी मिळेल त्याचा नेम नाही. त्यामुळे मिळालं की पिंपंच्या पिंपं भरून ठेवायची. पिंपाची बैलगाडी मळ्यात उतरायची नाही, चाकं रुतायची. मग सगळ्यांनी पिंपं उतरवली ती गाडीवाटेला, चिंचेच्या सावलीत. चिंच होती गोडी विहिरीच्या अगदी उशाला.

नानांनी ते पाहिलं आणि चावडीवर येऊन उभे राहिले. पिंपं हलवा म्हणाले. मामंजींना वाटलं, आपल्या इंजिनाचा याला हेवा वाटतोय.

"पिंप काय मी हिरीत बुडवून ठिवलंय?"

"बुडवलं असतंस तर बरं झालं असतं, आबा. दिसलं तरी असतं."

नानांनी परातभर पाणी मागवलं. काडीच्या टोकानं इंजिनाच्या तेलाचा थेंब त्यात सोडला. पाण्यावर रंगीबेरंगी साय पसरत पसरत परातीच्या कडेपर्यंत गेली. "हं, पी आता," नाना म्हणाले. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण आमचे मामंजी हट्टाला पेटले की कुणाच्या बापाला ऐकायचे नाहीत. त्यांनी परात उचलली आणि चांगले दोन-चार घोट घेतले. त्या दिवशी त्यांना जे ढेकर आले, ते मोजायची सोय नव्हती. जेवायला बसले आणि ढेकर देऊन उठले. सासूबाईंनी त्यांना चुलीपाशी यायची बंदी केली, न जाणो, पेट घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी स्वतः गडी लावून पिंपं हलवायला काढली आणि वर लोकांना सांगितलं, की चिंचेखाली फार गर्दी झाली होती.

पंचायतीत नियम झाला. तेलाचं पिंप विहिरीच्या वरच्या अंगाला ठेवायचं नाही, खालच्या अंगाला ठेवायचं, नदीकडे उतार जातो तिकडे. जागा नानांनीच पावलं टाकून आखून दिली. तोटीखाली राखेचं घमेलं ठेवायचं, तेलाचे बोळे इकडेतिकडे टाकायचे नाहीत, झाकण सैल ठेवायचं नाही. आणि दर शनिवारी सकाळी नाना तेलाची परेड घ्यायचे. पिंपं ओळीत उभी, त्यांच्यामागे मालक उभे. नाना छडी घेऊन एकेका पिंपाची झाकणं, तोट्या, घमेली तपासत जायचे. इंजिनं दुरुस्त करणारे दस्तगीर मिस्त्री इस्लामपूरहून यायचे, तेही मुद्दाम शनिवार गाठायचे. एकदा त्यांनी विचारलं, "नाना, पिंपं सावधान हायती, इश्राम कवा देणार?" गावभर तो विनोद महिनाभर पुरला. पण हसत का होईना, नियम सगळे पाळत होते, आणि याचं श्रेय नानांच्या दराऱ्यापेक्षा त्यांच्या खट्याळपणालाच जास्त होतं. ज्याचं घमेलं स्वच्छ, त्याला ते सगळ्यांसमोर सलाम ठोकायचे. सुभेदाराचा सलाम मिळावा म्हणून चांगली मिशीवाली माणसं शुक्रवारीच घमेल्यातली राख बदलायची.

मग दिवाळी आली. पहिल्या आंघोळीला घंगाळात गोडी विहिरीचं पाणी काढलं, वाफ वर आली आणि माझं नाक थबकलं. सासूबाई म्हणाल्या, कंदिलाचा वास असेल. मी कंदील बाहेर नेऊन ठेवला, हात राखेनं घासले आणि पुन्हा वाफेवर वाकले. वास होताच. उजाडल्यावर मी स्वतः विहिरीवर गेले, ताजी बादली काढली आणि तांब्या घेऊन सरळ नानांच्या दारात उभी राहिले. दिवाळीच्या सकाळी सुवासिनीनं असं बिनफराळाचं, नुसतं पाणी घेऊन यावं, हे नानीकाकूंना काही उमजेना. नानांनी तांब्या हुंगला. पुन्हा हुंगला. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं मी उगाच आले.

"माझ्या परेडीत काय चुकलं असंल गं?" एवढंच ते म्हणाले.

गाव मानायला तयार नव्हतं. पिंपं खालच्या अंगाला, विहीर वरच्या अंगाला. तेल काय डोंगर चढून गेलं? शेवटी मामंजींनीच इंजिन उचलून गोडी विहिरीवर आणून बसवलं आणि उपसा सुरू झाला. ज्या इंजिनापायी हे सगळं घडलं, तेच आता पुकपुकत विहीर उपसत होतं. तळ दिसू लागला तसे नाना धोतर खोचून पायऱ्यांनी खाली उतरले. आणि मग आम्ही सगळ्यांनी काठावरून वाकून पाहिलं, की आमचा सुभेदार प्रत्येक झऱ्याला नाक लावून हुंगतोय. एका कपारीपासून दुसऱ्या कपारीकडे, गुडघाभर चिखलात. काही बायकांनी तोंडाला पदर लावला. नानीकाकू तर म्हणाल्या, आता एवढंच बघायचं राहिलं होतं.

नदीच्या अंगाच्या एका झऱ्यापाशी नाना थांबले. पुन्हा वाकून त्यांनी हुंगलं. मग वर पाहून त्यांनी जोरात सांगितलं, "चूक माझी हाय. पिंपं मीच हिकडं न्हेऊन ठिवली." रिकाम्या विहिरीत आवाज घुमला आणि ते वाक्य आम्हाला दोनदा ऐकू आलं.

झालं होतं ते असं. पावसाळ्यात इंजिनं बंद होती, त्यामुळे भरलेली पिंपं ओल्या मातीत तशीच उभी राहिली. एकाचं बूड गंजून गळत होतं. नानांच्या परेडीत झाकण तपासलं जायचं, तोटी तपासली जायची, पण पिंपाच्या बुडाखाली कुणी बघितलंच नव्हतं. आणि विहिरीचं पाणी त्या खालच्या अंगाच्या जमिनीपेक्षाही कितीतरी खोल होतं. जमिनीवरचा उतार आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, जमिनीच्या पोटातला उतार कुणाच्या ध्यानात आला नव्हता. तेल मातीत मुरलं आणि मुरमातून विहिरीकडेच गेलं.

आता प्यायचं काय? बायकांना नदीची वाट धरावी लागली, आणि बायका नानांना काय काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. नानांनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं आणि आपली बैलगाडी जुंपली. नदीचं पाणी आणून घरोघर द्यायचं म्हणाले. कुणीतरी तेलाचे रिकामे डबे घासून आणले, नीट झाकणाचे, गाडीत हिंदकळणार नाहीत असे. नानांनी ते परत धाडले. "डब्यातलं पाणी मी कुणाला पाजणार न्हाई. येकदा पाजलंय, ते बास झालं." मग घराघरांतून माळ्यावरची लग्नातली भांडी खाली आली. तांब्याचे हंडे, घागरी, घंगाळं, नावं कोरलेली आणि चिंचेनं घासून लखलखीत केलेली. ती सगळी गाडीत रचून नाना नदीवरून येऊ लागले, की रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, वरात कुणाची? नाना म्हणायचे, गोडी विहिरीची. चार-सहा दिवसांतच बायकांचा राग निवळला, आणि ज्यांनी सगळ्यात जास्त तोंड सोडलं होतं, त्याच गाडीला आडव्या जाऊन बैलांना भाकरी खायला घालू लागल्या.

इकडे माती उकरायचं काम चाललं होतं. तेल मुरलेली माती खणून वीटभट्टीवर नेली आणि जाळली. मामंजींनी माळावरची आपली जागा दिली, विहिरीपासून पार लांब, कातळाची. तिथं दगड आणि चुन्याची फरशी झाली, भोवती कट्टा घातला. पिंप फुटलंच तर तेल कट्ट्याच्या आतच राहावं एवढा उंच. पिंपं आता मातीवर नाही, दगडांच्या ठोकळ्यांवर उभी राहिली. नियमही बदलला, आणि तो नानांनी असा सांगितला, की तो कुणाला लिहून घ्यावा लागला नाही: "पिंपाच्या बुडाखालनं पल्याडचा माणूस दिसला पायजे." त्यानंतर शनिवारच्या परेडीला आमचे सुभेदार पोटावर आडवे व्हायचे आणि पलीकडून मामंजी आडवे व्हायचे. दोघा म्हाताऱ्यांची नजरानजर झाली, की पिंप पास.

उपसा दोनदा झाला, तिसऱ्यांदा झाला. झरे पुन्हा भरले. आता कुणीतरी सांगायला हवं होतं, की पाणी प्यायचं झालं. सगळा गाव विहिरीवर जमला. बादली वर आली, तांब्या भरून नानांच्या हातात गेला. नानांनी तो नाकाशी नेला आणि तसाच धरून राहिले. मग म्हणाले, "माझं काय खरं न्हाई. माझ्या नाकात त्यो वास बसलाय. आता गंगाजळ दिलं तरी मी राकेलच म्हणंन." त्यांनी गर्दीत इकडेतिकडे पाहिलं आणि मला हाक मारली.

"सूनबाई, हिकडं ये. तू हुंग."

मी जागची हलले नाही. सगळ्या बाप्यांसमोर, सासऱ्यासमोर, डोक्यावर पदर घेतलेल्या सुनेनं पुढे होऊन पाणी हुंगायचं? पण नानांनी तांब्या माझ्यापुढे तसाच धरून ठेवला होता. मी पुढे गेले. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. गाडीचं पाणी पुरायचं नाही, नदीची पायपीट संपावी असं मलाही वाटत होतं, माझ्याही पायाला भेगा पडल्या होत्या. मी डोळे मिटले आणि वास घेतला. अगदी पुसट, पण होता.

"अजून आहे, नाना," मी म्हणाले.

बायकांमधून सुस्कारा उठला. कुणीतरी म्हणालं, सातारची पोरगी, तिला काय कळतंय. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मामंजी उठले, त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि गड्याकडे वळून एवढंच म्हणाले, "इंजिन चालू कर." माझ्या सासऱ्यांनी माझं कौतुक तोंडानं कधीच केलं नाही. पण तेवढ्या वाक्यावर मी त्या घरातली पुढची सगळी वर्षं सुखानं काढली.

आणखी एक उपसा झाला. पुन्हा गाव जमला, पुन्हा तांब्या माझ्याकडे आला. या वेळी मी दोनदा हुंगलं. वास नव्हता. खडकाचा, शेवाळाचा, लोखंडी बादलीचा येईल तेवढाच.

"गोड आहे," मी म्हणाले.

नानांनी माझ्या हातातून तांब्या घेतला आणि तो थेट ओठांना लावला. न हुंगता. पाणी मिशांवरून ओघळलं, सदरा भिजला, आणि तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी टाचा जुळवून मला कडक सलाम ठोकला. गाव हसलं, टाळ्या पडल्या, मामंजींनी दस्तगीर मिस्त्रींच्या पाठीत उगाचच धपाटा घातला. बायकांनी त्या दिवशी अशा घागरी भरल्या, की सण पुन्हा आल्यासारखा वाटला.

त्यानंतर नानांनी माझ्या हातचं पाणी कधी हुंगलं नाही. बाकीच्यांचं मात्र हुंगत राहिले, नानीकाकूंचंसुद्धा. आणि त्यावरून त्या मला येता-जाता टोमणे मारायच्या.

माझे यजमान सरकारी नोकरीत होते, पुढे त्यांची बदली झाली आणि आम्ही सांगलीला बिऱ्हाड केलं. नाना गेल्याचा निरोप तिथंच मिळाला. झोपेतच गेले, कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही. मी तेराव्याला गेले. अंगणात पंगत बसली होती, नानांच्या नेहमीच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. पाणी वाढत वाढत वाढपी मामंजींपाशी आला. मामंजींनी आयुष्यात कधी पाणी हुंगलं नव्हतं, उलट या खोडीवरून दोस्ताची हयातभर टर उडवली होती. त्यांनी तांब्या उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. शेजारच्यानं ते पाहिलं आणि आपला तांब्या उचलला. मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी माणसं तांब्यांत नाक घालून बसली होती, आणि रडता रडता आधी कोण हसलं ते काही मला सांगता यायचं नाही. मामंजींनी दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे मान वळवून पाहिलं.

"गोड हाय न्हवं गं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलवली, आणि मग सगळे पाणी प्यायले.